आकड्यांशी खेळणारे कापरेकर मास्तर

सुरुवात माझ्या फजितीनेच करते.

सेकंड इयरला आमची प्रोग्रॅमिंगची प्रॅक्टिकल परीक्षा होती. दिलेली संख्या 'हर्षद नंबर' आहे की नाही ते ओळखणारा प्रोग्रॅम लिहा, असा प्रश्न मला आला. तसा सोपाच. संख्येतल्या अंकांची बेरीज करायची आणि त्या बेरजेने मूळ संख्येला पूर्ण भाग जातो का ते बघायचं. उदाहरणार्थ १८. एक आणि आठ नऊ, नऊ दुणे अठरा. झाला हर्षद नंबर! प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात रन झाला. मग व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी शांतपणे विचारलं, की हे हर्षद कोण? मी पूर्ण कॉन्फिडन्सने सांगून टाकलं, की हर्षद नावाचे एक गुजराती शास्त्रज्ञ होते. सर इतके हसले की शेजारच्या बॅचची मुलं वळून बघायला लागली.

मग त्यांनीच सांगितलं. हर्षद हे कुणा माणसाचं नाव नाही. हर्ष म्हणजे आनंद, आणि 'द' म्हणजे देणारा. आनंद देणारी संख्या! आणि हे नाव ठेवलं देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. त्यांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यातला. (डहाणू पालघर जिल्ह्यात गेलं ते २०१४ साली.)

मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावची. शिकले कॉन्व्हेंटमध्ये. पायथागोरस माहीत, न्यूटन माहीत, पण आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या आणि जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत नाव असलेल्या माणसाचा मला पत्ताच नव्हता. त्यात मला एम-थ्रीची के.टी. लागलेली. त्यामुळे 'गणित' आणि 'आनंद' हे दोन शब्द एका वाक्यात कसे येऊ शकतात, हाच मुळात प्रश्न होता. म्हणून शोधायला लागले. जे मिळालं ते इथे सांगते. मराठी माझी शाळेतली तिसरी भाषा, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा. आठ वर्षांचे असतानाच त्यांची आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आता ज्योतिष खरं की खोटं तो वाद बाजूला ठेवू. पण पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. लहानग्या दत्तूला वडिलांकडून भविष्य नाही, पण आकडेमोडीची गोडी मात्र मिळाली. आईविना वाढणाऱ्या त्या मुलाला आकड्यांची सोबत किती मोठी वाटली असेल, याची आपण कल्पनाच करू शकतो.

हायस्कूलचं शिक्षण ठाण्याला झालं. आपण ज्या ठाण्याला शॉपिंगला जातो तेच ठाणे! तिथे ते तासन् तास गणिताची कोडी सोडवत बसायचे. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. फर्ग्युसनशी रँग्लर र. पु. परांजपे यांचं नाव जोडलेलं आहे. १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले ते पहिले भारतीय. त्यांच्या नावाचं एक पारितोषिक स्वतंत्र गणिती काम करणाऱ्या विद्यार्थ्याला दिलं जायचं. ते १९२७ साली कापरेकरांना मिळालं. लक्षात घ्या, हे पेपरात पैकीच्या पैकी मार्क मिळवल्याचं बक्षीस नव्हतं. स्वतःचं काहीतरी शोधल्याचं होतं.

१९२९ साली ते बी.एस्सी. झाले आणि नाशिकजवळच्या देवळालीत गणिताचे शिक्षक म्हणून लागले. पुढे एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, परदेश नाही. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते शिक्षकच राहिले.

कुणी म्हणेल, मग यात स्टोरी काय? स्टोरी ही की शाळा सुटल्यावर हा माणूस खेळायला बसायचा. खेळायला पत्ते नाहीत, कॅरम नाही. शून्य ते नऊ हे दहा अंक, कागद आणि पेन्सिल. बस!

एक उदाहरण देते. ४५ चा वर्ग करा. २०२५ आला. त्याचे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज करा, परत ४५! ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. ७०३ चा वर्ग ४,९४,२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. तुटून पुन्हा आपल्या मूळ रूपात येणाऱ्या अशा संख्यांना आज जगभर 'कापरेकर नंबर' म्हणतात.

दुसरा खेळ बघा. एखादी संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. २३ घेतला तर दोन आणि तीन पाच, म्हणून २८. २८ वरून ३८, ३८ वरून ४९. जणू एक संख्या दुसरीला जन्म देते. मग मास्तरांना प्रश्न पडला, की जिला कुणीच जन्म दिलेला नाही अशी संख्या असेल का? आहे की! २० घ्या. कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून २० येतच नाही. करून बघा. अशा आईबाप नसलेल्या संख्यांना त्यांनी नाव दिलं 'स्वयंभू'. आपल्याकडे देव स्वयंभू असतो, मास्तरांनी आकडे स्वयंभू केले! त्यांनाच देवळाली नंबर असंही म्हणतात. गावाचं नाव आकड्याला देणारा माणूस मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

आणि हे एकदाच झालेलं नाही बरं का. त्यांच्या आणखी काही संख्यांचं नाव आहे 'डेमलो'. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. चढत जाऊन परत उतरणाऱ्या या संख्या त्याच कुटुंबातल्या. आता डेमलो हे काय? तर जी.आय.पी. रेल्वेवरचं, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवरचं एक स्टेशन, जिथे त्यांना ही कल्पना सुचली. आणि ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली असं सांगतात! हे वाचून मी उडालेच. आपण डोंबिवली स्टेशनात उभे असतो तेव्हा डोक्यात एकच गणित असतं, ते म्हणजे आत शिरायला मिळणार की नाही. त्याच ठिकाणी एका माणसाला आकड्यांचं नवं कुटुंब सापडलं.

आता त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध शोध. पेन घ्या आणि माझ्याबरोबर करा. (लेक्चर चालू असेल तर मागच्या बाकावर करा!) चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच करा. मध्ये शून्य आलं तर ते सोडायचं नाही.

आपण मास्तरांचं जन्मवर्षच घेऊ, १९०५.

९५१० वजा ०१५९ = ९३५१
९५३१ वजा १३५९ = ८१७२
८७२१ वजा १२७८ = ७४४३
७४४३ वजा ३४४७ = ३९९६
९९६३ वजा ३६९९ = ६२६४
६६४२ वजा २४६६ = ४१७६
७६४१ वजा १४६७ = ६१७४

आता ६१७४ चं पुन्हा करा. अंक तेच, ७६४१ वजा १४६७, उत्तर परत ६१७४. गाडी थांबली! कुठल्याही चार अंकी संख्येने निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ या स्टेशनात पोचताच. योगायोग म्हणजे मास्तरांच्या जन्मवर्षाला बरोबर सात पायऱ्या लागतात, म्हणजे सगळ्यात लांबचा प्रवास. हाच तो 'कापरेकर स्थिरांक'. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला, आणि पुढे १९५० च्या दशकात 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकेतल्या नियतकालिकात त्यावर लिहिलं.

इंजिनिअर म्हणून आपल्याला 'असं का?' विचारायलाच हवं. चार अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ समजा. वजाबाकी केली की उत्तर येतं ९९९ गुणिले (क वजा घ) अधिक ९० गुणिले (ख वजा ग). म्हणजे सगळा खेळ फक्त दोन फरकांवर आहे! या दोन फरकांच्या मिळून ५४ जोड्या होतात. शून्याने सुरू होणाऱ्या धरून ९९९० संख्या असतात, आणि त्या पहिल्याच वजाबाकीत ५४ संख्यांमध्ये गोळा होतात. पुढे तर गर्दी आणखी आटते. सुरुवात हजारो दारांतून होते, पण आत गेल्यावर बोळ एकच. खेळता खेळता सापडलेल्या गोष्टीच्या पोटात असं नीटस गणित निघतं.

पण मित्रांनो, त्या काळी याचं कौतुक झालं असं समजू नका. आपल्याच देशातले कितीतरी गणितज्ञ त्यांना हसले. हा काय पोरखेळ, हे काय खरं गणित आहे का, असा एकूण सूर होता. दहाच्या जागी दुसऱ्या पायात आकडे लिहिले तर ही गंमत तशीच राहत नाही, हा आक्षेप तर अगदी चुकीचाही नाही. मोठी जर्नल्स दार उघडत नव्हती. मग मास्तरांनी काय केलं? छोट्या नियतकालिकांत लिहिलं, आणि बाकीचं स्वतःच पुस्तिका काढून छापलं. प्रकाशक म्हणून नाव स्वतःचंच आणि खाली पत्ता देवळालीचा. शाळामास्तरांचा पगार काय असायचा ते सांगायला नको. त्यातून पदरमोड करून कुणी वाचेल न वाचेल अशा पुस्तिका छापायला किती हिंमत लागते!

वर्गात मात्र त्यांना कुणी हसत नसे. आपला आकड्यांचा नाद ते मुलांनाही लावायचे. आजूबाजूच्या कॉलेजांतून त्यांना त्यांच्या पद्धती सांगायला बोलवायचे. आकड्यांच्या बाबतीत आपली गत दारुड्यासारखी आहे, हे ते स्वतःच कबूल करायचे. लोकांनी त्यांना 'गणितानंद' म्हटलं ते काही उगाच नाही.

इथे मला माझ्या गावातली एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या पूर्ण्यात गोडाऊनच गोडाऊन. माझे पप्पा एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहेत. सुट्टीत दुपारी मी त्यांचा डबा घेऊन जाते. गेटवर एक वॉचमन काका असतात, पन्नाशीच्या पुढचे, चौथीत शाळा सुटलेली. त्यांचं काम म्हणजे येणाऱ्या जाणाऱ्या ट्रकचे नंबर रजिस्टरला लिहायचे. एकदा बाहेर नेहमीचा जाम लागलेला. ट्रक हलत नव्हते, पप्पा आत बिझी. वेळ जात नव्हता म्हणून मी काकांना एका ट्रकच्या चार आकड्यांवर ही वजाबाकी करून दाखवली. त्यांना आधी वाटलं मी काहीतरी जादू करते आहे. मग त्यांनी दुसरा ट्रक धरला, मग तिसरा. हातचा घेताना चुकत होते, खोडत होते, पुन्हा करत होते.

आठवड्याने गेले तर फाटलेल्या खोक्याचे पुठ्ठे वजाबाक्यांनी भरलेले! प्रत्येक पुठ्ठ्याच्या तळाला ६१७४. आणि काकांनी मला एक प्रश्न विचारला. पोरी, पाच आकड्यांचं केलं तर कुठे थांबतं?

मला उत्तर माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी चौदा-पंधरा वर्षं गणित शिकले, एम-वन, एम-टू, एम-थ्री केलं, पण स्वतःहून असा एक प्रश्न कधी विचारला नाही. हॉस्टेलला येऊन प्रोग्रॅम लिहिला तेव्हा कळलं, की पाच अंकांना असं एक स्टेशन नाहीच. त्या संख्या वेगवेगळ्या चक्रांत गोल गोल फिरत राहतात. तीन अंकांना मात्र आहे, ४९५. पुढच्या वेळी काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. चौथीत सुटलेली वजाबाकी या माणसाने पन्नाशीत हातच्यासकट परत मिळवली होती, आणि तीही कुणी परीक्षा घेणार नसताना.

तेव्हा मला कापरेकर मास्तर थोडे समजले असं वाटतं. आपण मोठे होतो तसं खेळणं सोडतो, कारण खेळलं की लोक टाईमपास म्हणतात. पण टाईमपासमध्ये आपल्याला वेळ कसातरी संपवायचा असतो. खेळात वेळ पुरत नाही! आणि खेळात चुकायची भीती नसते. व्हायवाला चुकलं तर मार्क जातात, सबमिशनला चुकलं तर फाईल परत येते. त्यामुळे आपण फक्त उत्तर माहीत असलेलेच प्रश्न हातात घेतो. मास्तर रोज उत्तर माहीत नसलेला प्रश्न घ्यायचे. म्हणूनच बी.एस्सी. नंतर त्यांचं शिकणं थांबलं नाही. आपलं बऱ्याचदा शेवटच्या पेपरलाच थांबतं.

खेळातून मोठं काम होतं याचं नेहमीचं उदाहरण रिचर्ड फाइनमन यांचं. कॉर्नेल विद्यापीठाच्या कँटीनमध्ये कुणीतरी हवेत फेकलेली थाळी डगमगत फिरताना त्यांनी पाहिली आणि गंमत म्हणून तिची गणितं मांडली. ज्या कामाला १९६५ साली नोबेल मिळालं, त्याकडे आपण या खेळातूनच परत वळलो असं ते सांगत. ऐकायला छान वाटतं. पण प्रत्येक खेळाच्या शेवटी नोबेल नसतं, आणि हे लपवून ठेवलं तर ती फसवणूक होईल.

कापरेकर मास्तरांना काय मिळालं? १९६२ ला निवृत्ती. १९६६ साली पत्नी गेल्या. पेन्शन इतकी थोडी, की अगदी साधं राहूनही भागेना. मग साठी ओलांडलेल्या या माणसाला पोटासाठी गणित-सायन्सच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. ज्याच्या नावाचा स्थिरांक आहे त्याला महिन्याच्या खर्चाची वजाबाकी करावी लागत होती. हे वाचताना मला खूप वाईट वाटलं. खेळाने त्यांचं घर चालवलं नाही, हे मान्यच करायला हवं.

पण खेळ त्यांनी सोडला नाही. १९६३ साली, म्हणजे निवृत्तीनंतर लगेच, त्यांनी स्वयंभू संख्यांवरची पुस्तिका देवळालीहूनच स्वतः छापून काढली होती. आणि मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांच्या कामाबद्दल लिहिलं. हे सदर जगभरचे गणितवेडे वाचत. देवळालीचे मास्तर सत्तरी गाठल्यावर जगाला माहीत झाले! १९८६ साली ते वारले. आज त्यांच्या संख्यांवर जगात कुठे ना कुठे पेपर लिहिले जातात, आणि आपल्या लॅबमध्ये हर्षद नंबर, कापरेकर नंबर हे प्रोग्रॅम प्रत्येक बॅच लिहिते. अगदी रामानुजन यांचा प्रसिद्ध १७२९ सुद्धा हर्षद आहे बघा. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९.

मग या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय? प्लेसमेंटला काही नाही. पॅकेज वाढणार नाही. माझी के.टी. सुटली, पण ती कापरेकरांमुळे नाही, रात्री जागून सुटली. फरक एवढाच पडला की एम-थ्रीची गणितं करताना मी पहिल्यांदाच प्रत्येक गणिताशेवटी थोडं थांबायला लागले. इथे चिन्ह बदललं तर काय होईल? ही मर्यादा काढली तर? बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. पण वही उघडताना पोटात जो गोळा यायचा तो येत नाही आता. माझ्या मते ही छोटी गोष्ट नाही.

आपल्यातले बरेच जण पुढे कारखान्यात, साईटवर, ऑफिसात चाळीस वर्षं काम करतील. काम तेच तेच असेल. वॉचमन काकांसारखे आपणही रोज कुठल्यातरी रजिस्टरमध्ये नंबरच लिहीत असू, फक्त ते रजिस्टर कॉम्प्युटरवर असेल. तेव्हा त्या नंबरांकडे बघून एखादा फुकटचा प्रश्न पडला, तर तो टाईमपास म्हणून झटकू नका. जर्नलच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

जाता जाता एक घरगुती कोडं. आमच्या पूर्ण्याचा पिनकोड ४२१३०२. घरी येणाऱ्या प्रत्येक पार्सलवर मी तो लहानपणापासून वाचते आहे. लेख लिहिताना सहज त्याचे दोन तुकडे केले, ४२१ आणि ३०२. दोघांची मास्तरांच्या पद्धतीने वजाबाकी केली. ४२१ वजा १२४, उत्तर २९७. ३२० वजा ०२३, उत्तर परत २९७! मग सवयीने २९७ चा वर्ग केला. ८८,२०९. त्यातले ८८ आणि २०९ मिळवा.

आलं ना २९७? आता तुमच्या गावाचा पिनकोड घ्या.